लग्नपत्रिकेच्या छिद्रातून पृथ्वीचा घेर: दोन गावांनी मिळून करायचा प्रयोग

पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे हे सहावीतलं मूल घडाघडा सांगतं. मग वर्गातलं एखादं चौकस पोर विचारतं, "पण मोजला कुणी? टेप कुठून कुठे धरला?" यावर बहुतेक वेळा एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगितली जाते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. सायीनी, म्हणजे आजच्या अस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, हे त्याने हेरलं. तो कोन भरला वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, ७.२ अंश. दोन शहरांतलं अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप) धरलं, की घेर त्याच्या पन्नासपट. गोष्ट छान आहे, पण ती ऐकून पोराचा प्रश्न सुटत नाही, नुसता ग्रीक होतो.

हाच प्रयोग दोन शाळा, किंवा दोन गावांतली मामे-आते भावंडं, एका दुपारी करू शकतात. पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण चुका करायला जागा भरपूर आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांत सगळ्यात जास्त शब्द चुकांवर खर्च केले आहेत.

आधी कल्पना पक्की करा

सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतरच येतात असं धरता येतं. जमीन वाकलेली असल्यामुळे दोन गावांतले ओळंबे मात्र एकमेकांना समांतर नसतात. दोन्हीकडे ओळंबा आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन मोजायचा आणि वजाबाकी करायची. तेवढे अंश म्हणजे त्या दोन गावांमधली पृथ्वीची वाकण. इतक्या अंशांना इतके किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? पुढे नुसतं त्रैराशिक उरतं.

१. जोडीचं गाव निवडा

गावं एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला आणि जितकी लांब तितकी बरी. नाशिक–पणजी ही जोडी सुरेख आहे. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्यातलं सरळ अंतर सुमारे ५०० किलोमीटर. धुळे–कोल्हापूरही चालेल (उत्तर-दक्षिण सुमारे ४६५ किलोमीटर). विदर्भातल्यांना नागपूर–हैदराबाद सोयीचं, सुमारे ४१५ किलोमीटर.

पुणे–नाशिक घेऊ नका. कोनातला फरक जेमतेम दीड अंश येतो आणि मापातली मिलिमीटरभर चूकही घेरात आठशे किलोमीटरच्या वर जाते.

गावं एका रेखांशावर नसली तरी प्रयोग होतो, कारण प्रत्येकजण आपापल्या गावच्या माध्यान्हीला मोजणार आहे. फक्त अंतर धरताना उत्तर-दक्षिण तेवढंच धरायचं. मुंबई–नागपूर सरळ अंतर सातशे किलोमीटरच्या जवळपास आहे, पण त्यातला उत्तर-दक्षिण भाग फक्त २३० किलोमीटर. इथे हमखास घोळ होतो.

२. तारीख ठरवा

१७ ते २७ डिसेंबर हा काळ सर्वांत सोपा. एक तर आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: या दिवसांत सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन जवळजवळ थबकलेला असतो, रोज फारसा सरकत नाही. नाशिकला आज मोजलं आणि पणजीला ढगामुळे दोन दिवस उशिरा, तरी बिघडत नाही.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरला हेच केलं तर एका दिवसात सूर्य ०.४ अंश सरकतो. आपला एकूण फरकच साडेचार अंशांचा, म्हणजे एक दिवस चुकला की नऊ टक्के चूक ठरलेली. त्या वेळी दोन्हीकडे एकाच दिवशी मोजायलाच हवं.

मे महिन्यात आणखी एक गंमत आहे, माहीत नसेल तर सापळाच. पणजीत २-३ मेच्या सुमारास आणि नाशिकला २० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारी नाशिकची सावली उत्तरेला पडते आणि पणजीची दक्षिणेला. तेव्हा कोनांची वजाबाकी करायची नाही, बेरीज करायची.

३. सामान जमवा (दोन्ही गावांत प्रत्येकी एक संच)

- एक टेबल, आणि त्यावर उंची वाढवायला तीन-चार विटा
- जुनी लग्नपत्रिका किंवा तसाच ताठ, गडद कागद
- कागद पंच करायचं यंत्र
- गवंड्याचा ओळंबा. नसेल तर बारीक दोऱ्याला बांधलेला जड नट
- दीड मीटर लांब, निदान अर्धा मीटर रुंद सपाट प्लायवूड
- पाणसळ (स्पिरिट लेव्हल) किंवा गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी
- मीटर टेप, टोकदार पेन्सिल, चिकटपट्टी
- पांढरा कागद, किंवा जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ (वाढदिवसाच्या शुभेच्छांचा याहून चांगला उपयोग नाही)
- वेळ बरोबर दाखवणारा मोबाइल, आणि त्यातच टॅन इन्व्हर्स (tan⁻¹, सावली आणि उंचीच्या भागाकारावरून कोन काढणारं बटण) असलेला कॅल्क्युलेटर

यादीत काठी नाही हे लक्षात आलं असेल. शाळांत हा प्रयोग काठी रोवून करतात आणि तिथेच तो फसतो, त्याची दोन कारणं आहेत. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक डिसेंबरच्या दुपारी पावणेदोन सेंटिमीटर धूसर असतं. टोक नेमकं कुठे संपलं, यावर पोरांची भांडणं होतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. शिवाय काठी तंतोतंत उभी आहे याची खात्री नसते. छिद्र आणि ओळंबा वापरला की दोन्ही कटकटी मिटतात.

४. मांडणी

उघड्या मैदानावर किंवा गच्चीवर या. दुपारी बारा ते एक झाडाची, टाकीची सावली येणार नाही हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

प्लायवूड जमिनीवर उत्तर-दक्षिण लांब टाका आणि खाली कागदाच्या घड्या सारून दोन्ही दिशांनी पाणसळीत आणा. गच्ची सपाट दिसते, पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंटिमीटर इतका उतार उत्तर-दक्षिण दिशेने असेल आणि तुम्ही तो तसाच ठेवलात, तर डिसेंबरात कोन पाव अंशाहून जास्त चुकतो. घेरात तो फरक सव्वादोन-अडीच हजार किलोमीटरचा होतो.

टेबल प्लायवूडच्या दक्षिण टोकाशी ठेवा, कारण डिसेंबरात सावली उत्तरेला पडणार. विटांची चळत टेबलाच्या उत्तर कडेला रचा. पत्रिकेला पंचने एक छिद्र पाडा. ती विटांच्या फटीत आडवी अशी दाबा, की छिद्र टेबलाच्या कडेपासून चार-पाच सेंटिमीटर बाहेर येईल. छिद्राची प्लायवूडपासूनची उंची १०० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. नेमकी १०० नसली तरी हरकत नाही, पण जी आहे ती नेमकी माहीत हवी.

आता छिद्रातून ओळंब्याचा दोरा खाली सोडा. तो झुलायचा थांबला की प्लायवूडवर त्याच्या टोकाखाली बारीक खूण करा. हा झाला तुमचा पाया. सगळी मापं इथून घ्यायची; टेबलाच्या पायापासून किंवा प्लायच्या कडेपासून नाही. मग दोरा काढून घ्या आणि छिद्रापासून पायापर्यंतची उंची टेपने मोजा.

टेपबद्दल एक सूचना. तिच्या टोकाचा पत्र्याचा आकडा थोडा हलता असतो, म्हणून माहितगार लोक शून्याऐवजी १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजतात. आणि मग ते १० वजा करायला विसरतात.

५. माध्यान्ह शोधा

घड्याळातले बारा आणि सूर्याची दुपार या वेगळ्या गोष्टी आहेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. पश्चिमेला एक अंश सरकलं की सूर्य चार मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. नाशिक आणि पणजी पावणेनऊ अंशांनी पश्चिमेला आहेत, म्हणजे पस्तीस मिनिटं. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे वर्षभर थोडी कमी-जास्त भर पडते. या दोन्ही शहरांत माध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ च्या सुमारास येते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९ ला. २२ डिसेंबरला ती १२:३३ च्या आसपास आहे. धुळ्याला त्या दिवशी १२:२९, कोल्हापूरला १२:३१ धरा. (नागपूरकरांची नोव्हेंबरातली माध्यान्ह तर बाराच्या आधीच, ११:५७ ला होऊन जाते.)

हे आकडे मुलांना आधी सांगू नका. १२:१० ते १२:५५ दर पाच मिनिटांनी खूण करायला लावा. कुठली खूण पायाला सर्वांत जवळ आहे हे त्यांनाच सापडू द्या. "साडेबारा वाजता बारा कसे वाजतात?" हा प्रश्न तिथे आपोआप येतो.

६. ठिपक्याची नोंद

पत्रिकेच्या सावलीत प्रकाशाचा लांबुळका ठिपका दिसेल, सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद. त्याच्या पायाकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करा आणि नंतर मध्यबिंदू काढा. थेट "अंदाजे मध्य" टिंबवू नका. प्रत्येक खुणेशेजारी वेळ लिहा.

ठिपका मिनिटाला साधारण अर्धा सेंटिमीटर सरकतो. पोरांना तो टक लावून बघू द्या. पृथ्वी फिरतेय हे एरवी इतकं उघड दिसत नाही.

माध्यान्हीच्या आसपास पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली तर लांबीत जेमतेम अर्धा मिलिमीटर फरक पडतो, म्हणून घाई नको. नेमक्या वेळी ढग आला तरी आधीच्या आणि नंतरच्या खुणांमधून मऊ वळणाची रेषा काढा. तिचा पायाला सर्वांत जवळचा बिंदू घ्या. पायापासून त्या बिंदूपर्यंतची रेषा म्हणजे तुमच्या गावची खरी उत्तर-दक्षिण. होकायंत्राची गरज पडत नाही, आणि गच्चीतल्या सळ्यांमुळे ते तसंही भरकटतं.

शेवटची खूण झाल्यावर ओळंबा पुन्हा सोडा. तो पहिल्या खुणेवर आला नाही, तर मध्येच कुणीतरी टेबलाला धक्का दिलेला आहे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. डिसेंबर निवडल्याचा फायदा हाच.

सूर्याकडे वर बघायचं नाही, छिद्रातून तर अजिबात नाही. बघायचं ते खाली. हे सुरुवातीलाच बजावा.

७. आकडेमोड

दोन्ही गटांनी आपापला आकडा कागदावर लिहून झाल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नये. समोरच्याचा आकडा दिसला की आपली पेन्सिल नकळत त्या बाजूला झुकते.

सावली भागिले उंची, आणि त्याचा टॅन इन्व्हर्स. बऱ्याच मोबाइलवर कॅल्क्युलेटर आडवा धरला की ही बटणं दिसतात. उत्तर ४३ ऐवजी ०.७५८ असं काही आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये आहे. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजता येतो, पण कोनमापक अर्ध्या अंशापर्यंतच भरवशाचा. तो त्रिकोण समजावण्यापुरता ठेवा.

२२ डिसेंबरला उंची १०० सेंटिमीटर असताना गणिताप्रमाणे यायला हवेत ते आकडे असे:

नाशिक: सावली ९४.७ सेंटिमीटर, कोन ४३.४ अंश
पणजी: सावली ८०.८ सेंटिमीटर, कोन ३८.९ अंश
फरक: ४.५ अंश

३६० भागिले ४.५ म्हणजे ८०. ८० गुणिले ५०० किलोमीटर म्हणजे ४०,००० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ आहे. तुमचा आकडा इतका जुळला तर खूश होण्याआधी वही तपासा. ३८ ते ४२ हजारांच्या मध्ये आला तर काम उत्तम झालं.

५०० किलोमीटर कुठून आणायचे? नकाशासंग्रहातून, पट्टीने आणि दिलेल्या प्रमाणाने. रस्त्याचं अंतर चालणार नाही, घाट आणि वळणं त्यात मोजली जातात. आणि मोबाइलवर दोन्ही गावांचे अक्षांश बघून वजाबाकी करणं ही शुद्ध कॉपी आहे. अक्षांश शेवटी ताळा करायला ठेवा.

यावर एखादी हुशार मुलगी म्हणेल, "नकाशा बनवणाऱ्याला पृथ्वीचा आकार आधीच माहीत होता, मग आपण काय मोजलं?" शंका रास्त आहे. तिला सांगा, की जमिनीवरचं अंतर साखळ्यांनी आणि त्रिकोणांनी मोजता येतं, त्यासाठी घेर माहीत असावा लागत नाही. विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासहून तेच काम सुरू केलं आणि ते करता करताच १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला.

८. आकडा बिघडला तर

चूक कुठली हे आकडाच बऱ्याचदा सांगतो.

घेर ३४ हजारांच्या आसपास आला? मग नाशिककरांनी घड्याळाच्या बाराला मोजलं आणि पणजीकरांनी खऱ्या माध्यान्हीला. ४९ हजार आला तर उलटं घडलंय. दोघांनीही बारालाच मोजलं असेल तर डिसेंबरात दोन्ही चुका बऱ्याचशा एकमेकींना खातात आणि ४० हजार ७०० च्या जवळपास उत्तर येतं, म्हणजे चुकीच्या रीतीने जवळजवळ बरोबर. म्हणून आकडा बरोबर आला तरी वेळेच्या नोंदी बघायच्याच.

सावलीत एक मिलिमीटर चुकला की घेरात सुमारे २७० किलोमीटर. एक सेंटिमीटर चुकला, म्हणजे कुणीतरी ठिपक्याच्या मध्याऐवजी त्याचं टोक धरलं, तर अडीच-तीन हजार. दोन्ही गटांनी एकाच बाजूचं टोक धरलं असेल तर फरक बराच कमी होतो. म्हणून रीत दोन्हीकडे एकच हवी.

आणि वेड्यासारखा आकडा आला तर आधी टेपचे ते १० सेंटिमीटर आठवा.

९. यानंतर येणारे प्रश्न

"पृथ्वी सपाट असली आणि सूर्य जवळ असला, तरी दोन गावांत सावल्या वेगळ्याच पडतील ना?" हा प्रश्न आला तर प्रयोग खरा रंगला. उत्तर आहे: हो, पडतील. दोन गावांच्या मापांवरून गोल आणि सपाट यातला फरक कळत नाही. सपाट धरलं तर याच आकड्यांवरून सूर्य ३,६०० किलोमीटर उंचीवर टांगलेला निघतो आणि हिशेब बिनबोभाट जुळतो.

निकाल लावायला तिसरं, लांबचं गाव लागतं. दिल्लीत कुणाचा काका किंवा मावशी असेल तर त्यांना कामाला लावा. २२ डिसेंबरला १०० सेंटिमीटर उंचीसाठी सपाट पृथ्वीचा हिशेब दिल्लीत १२१ सेंटिमीटर सावली सांगतो, गोल पृथ्वीचा १२८. सात सेंटिमीटरचा फरक साध्या टेपनेही लपत नाही. दिल्लीची माध्यान्ह त्या दिवशी १२:२० ला. धुकं असलं तर २७ तारखेपर्यंत कुठलाही उन्हाचा दिवस चालेल. आधी दोन्ही भाकितं फळ्यावर लिहा आणि मगच फोन लावा.

"छिद्र चौकोनी केलं तर ठिपका चौकोनी पडेल?" यावर तोंडी उत्तर न देता दुसरी पत्रिका पुढे करा. दोन-तीन मिलिमीटरचं चौकोनी छिद्र कापलं तरी मीटरभर खाली ठिपका गोलसरच पडतो, कारण तो छिद्राचा नसून सूर्याचा आकार आहे. आंब्याच्या सावलीत पानांच्या वेड्यावाकड्या फटींतून पडणारे कवडसे गोल का असतात, तेही यातच आलं. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात.